कोनाड्यातला शेंदूर

१

साल एकोणीसशे चौतीस, आश्विन शुद्ध एकादशी. दसऱ्याला वाटलेलं सोनं अजून घरोघरच्या देवांपुढे हिरवं होतं. थळ गावात धर्माजीच्या पडवीत सकाळी एकच आवाज झाला. त्याची सून सगुणा मागल्या दारची भांडी टाकून धावली, तेव्हा धर्माजी मानेला हात लावून भिंतीशी कलंडला होता. बोटांच्या फटींतून रक्त वाहत होतं. त्याला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. शेजारपाजार जमेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

धर्माजी म्हणजे गावच्या भाताचा राखणदार. कनकेश्वराच्या डोंगरातून रानडुकरं उतरत आणि तयार झालेलं पीक लोळवून जात. परवान्याची एकनळी बंदूक गावात त्याच्याकडेच होती. बायको कधीच गेलेली, मुलगा मुंबईला कामाला, घरात तो आणि पाच महिन्यांपूर्वी आलेली ही सून. विठ्ठलाच्या देवळात कीर्तन असलं की पहिल्या रांगेत खांबाला टेकून बसायचं, आणि आख्यान रंगलं की उपरण्याने डोळे पुसायचे, असा तो माणूस.

दुपारी फौजदार गुप्ते आले आणि दिवस मावळायच्या आत कोंडाजी चावडीत बसला. कोंडाजीचं आणि धर्माजीचं शेताच्या बांधावरून तीन वर्षं वाकडं होतं. आदल्याच दिवशी, शिलंगणाला, सगळ्या गावासमोर त्याने धर्माजीने पुढे केलेलं सोनं झिडकारलं होतं. "तुझ्या हातचं सोनं नको मला. तुझी बंदूकच तुला खाईल एक दिवस!" असं तो बोलला होता. त्यात त्याच्या पेंढ्याच्या उडवीत बिनपरवान्याची, नळीत दारू ठासून उडवायची ठासणीची बंदूक सापडली, आणि सकाळी तो धर्माजीच्या कुंपणाशी बांबू तोडताना दिसला होता. फौजदारांना आणखी काय हवं होतं?

त्या दिवशी दिवेलागणीला देवळात कीर्तन होतं. बाळाजीबुवांच्या मागे झांज धरून अंबाजी जमादार नेहमीप्रमाणे उभा राहिला. अंबाजीची सारी नोकरी पोलिसांची हत्यारं साफ करण्यात, दुरुस्त करण्यात गेली होती. आता पेन्शन आणि कीर्तन एवढंच त्याचं जग. डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धं तुटलेलं. जर्मनच्या लढाईत गेलं, असं गाव समजत होतं आणि अंबाजीने ते कधी खोडून काढलं नव्हतं. त्या अर्ध्या बोटाला झांजेची दोरी गुंडाळून तो असा ताल धरी की, बुवा म्हणत, "अंबाजी मागे असला की मला देवाकडेच बघायचं काम उरतं."

त्या संध्याकाळी मात्र अंबाजीचा ताल चुकला. पहिल्या रांगेतला खांब मोकळा होता. तीनच दिवसांपूर्वी, अष्टमीला, तिथूनच धर्माजी त्याच्या कानाशी वाकला होता. "अंबाजीदादा, एक तिरकी गेली बघ. तू सांगितलं तशी येगळी ठेवलीय. एकादशीला आणून देतो." तेवढ्यात आरती सुरू झाली आणि अंबाजीने नुसती मान हलवली. आता ते बोलणं दाताला लागलेल्या खड्यासारखं पुन्हा पुन्हा जाणवत होतं.

कीर्तन सुटलं आणि देवळाच्या पायरीवर कोंडाजीची बायको गोदू त्याच्या पायांवर पडली.

"जमादार, उद्या सांजेला त्याला टांग्यात घालून अलिबागेला नेणार हायत. एकदा खुनी म्हणून नेला की मग तो परत येतोय व्हय? तोंडाचा वंगाळ हाय माझा दादला, पण हाताचा न्हाय. तुमाला बंदुकीचं कळतंय. तुमी तरी बघा!"

अंबाजीने झांज उपरण्यात गुंडाळली. "उद्या सकाळी बघतो, गोदू," तो म्हणाला. पण जे बघायला मिळेल त्याची त्याला आताच भीती वाटू लागली होती.

२

सकाळी तो आधी चावडीवर गेला. गुप्ते त्याला हत्यारखान्यापासून ओळखत होते. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली.

"डॉक्टरांनी मानेतून काढलं हे. मोठी शीरच कापली गेली. बघा."

पुडीत तांब्याच्या पातळ पत्र्याचा नखाएवढा तुकडा होता. एक कड फाटलेली, मध्ये पसरट खड्ड्याचा अर्धा भाग.

"साहेब, हा छर्रा नाही. छर्रा शिशाचा असतो."

"ठासणीच्या बंदुकीत लोक खिळे भरतात, भांड्यांचे तुकडे भरतात, वाटेल ते भरतात. तुम्हाला मी सांगायला हवं?"

ते खरंच होतं. पण अंबाजीने तुकडा उन्हात धरून तो खड्डा बराच वेळ न्याहाळला.

कोपऱ्यात कोंडाजी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"कोंडाजी, बंदूक कधी उडवलीस शेवटची?"

"नवरात्राच्या आदी. डुकरावर. लागला बी न्हाय." त्याने मान वर केली. डोळे लाल होते. "जमादार, मी सोनं घ्यायला पायजे होतं हो. आज कुनाला देऊ आता?"

देवळाच्या वाटेवर कोळीवाड्यातली बायजा टोपली घेऊन येताना दिसली. काल आवाज झाला तेव्हा ती धर्माजीच्या कुंपणाबाहेरून चालली होती, हे साऱ्या गावाला ठाऊक झालं होतं. तिनेच सांगितलं होतं.

"बायजा, आवाज कसा झाला?"

"कसा म्हंजे? आवाजासारखा! फौजदारानं पन हेच विचारलं आनि उत्तर ऐकायच्या आदीच लिवून घेतलं."

"मी लिहीत नाही. सांग."

बायजाने टोपली उतरवली आणि कंबरेवर हात ठेवले. "हे बघ जमादार. चट्, असा. दिवाळीतला बारका फटाका वाजतो ना, तसा. कोंडाजीची ती म्हातारी बंदूक मी ऐकलीय. ती वाजली की माजे टोपलीतले मेलेले बोंबील उड्या मारतात."

"आणि धूर? कुंपणाशी धूर दिसला? दारूचा वास?"

"कुंपनाला लागूनच चालले होते मी. कोंडाजी माज्याकडं पाट करून बांबू तोडीत होता, हातात कोयता. धूर असता तर खोकले नसते का? मला तर उदबत्ती बी सोसत न्हाय." तिने टोपली पुन्हा उचलली. "हे मी फौजदाराला सांगितलं. तो म्हनाला, बाई, मासे वीक."

अंबाजीला हसू आलं, पण ते ओठांवर येऊन विरलं. कुंपणाबाहेर बंदूक उडाली नव्हती. मग आवाज आतच झाला होता, पडवीत, धर्माजीच्या अगदी जवळ. आणि त्या वेळी आत धर्माजीशिवाय एकच माणूस होतं.

३

तो धर्माजीच्या घरी पोचला तेव्हा दिवस कलला होता. सगुणा उंबरठ्याच्या आत बसली होती. सुतकातलं घर, चूल थंड. शेजारणींनी पडवी कालच शेणाने सारवून काढली होती. रक्ताचा डाग नाही, पावलांचे ठसे नाहीत. फौजदार येण्याआधीच झालं होतं ते. मेलेल्या माणसाची जागा उघडी ठेवायची नाही, ही गावाची रीत.

"पोरी, त्या वेळी मामा काय करत होता?"

"काडतुसं भरत व्हते, आबा. रातीला शेतातल्या माळ्यावर जायचं व्हतं ना राखनीला. जुन्या टोप्या काढायला बसले व्हते."

अंबाजीला पुढचं सांगावं लागलं नसतं. हे काम धर्माजीला त्यानेच शिकवलं होतं. पितळी काडतूस एकदा उडालं की फेकत नाहीत. त्याच्या बुडात तांब्याची इवलीशी टोपी असते. बंदुकीची टोचणी तिच्यावर आपटली की ती पेटते आणि दारू पेटवते. उडालेली टोपी आतून सुंबा, म्हणजे जाड खिळ्यासारखी लोखंडी दांडी, लावून ठोकून काढायची, नवी दाबून बसवायची, मग दारू, काथ्याचा बोंदा, छर्रे. काडतूस लाकडी ठोकळ्यावर उभं करायचं आणि टोपी ठोकळ्याच्या भोकातून खाली पाडायची. उडालेल्या टोपीला मध्ये टोचणीचा खड्डा असतो, तीच तिची ओळख.

बंदूक देवांशेजारी भिंतीवर होती. खंडेनवमीला घातलेली झेंडूची माळ नळीला गुंडाळलेली, सुकलेली. चापावर हळदकुंकू जसंच्या तसं. माळ नळीच्या तोंडावरून गेली होती. ती तुटल्याशिवाय बंदूक उडणंच शक्य नव्हतं.

"आणि कालची काडतुसं?"

सगुणाने खुंटीवरची परडी काढून दिली. "इकडंतिकडं पडली व्हती. गोळा करून ठेवली."

आत पितळी काडतुसं होती, सोन्यासारखी लखलखीत, प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं. त्यांच्याबरोबर हातोडी आणि ठोकळा. ठोकळा भोकापासून एका अंगाला फाटला होता. सुंबा मात्र नव्हता.

अंबाजीने एकेक काडतूस उचलून आत बोट फिरवलं. स्वच्छ. पुढचं, स्वच्छ. पाचव्यात त्याचं बोट काळं झालं. नाकाशी नेलं. वास ताजा होता. उरलेली सगळी स्वच्छ निघाली. त्या काडतुसाच्या बुडात टोपीच्या जागी नुसतं भोक होतं आणि भोकाची कड काळवंडली होती.

"ही सगळी घासली कुणी एवढी?"

"मीच. खंडेनवमीला." तिच्या आवाजात रडण्यातूनही किंचित अभिमान आला. "माजी पयलीच पूजा ना या घरातली. चिंच न् राख लावून आतून बी घासली, बाहेरून बी. मामा म्हनाले, पोरी, हत्यारांचे दागिने केलेस तू."

अंबाजी परडी मांडीवर घेऊन तसाच बसला. सगळी काडतुसं नवमीला आतूनबाहेरून घासली गेली. मग यात काजळी आली कुठून? हे एक काडतूस नवमीनंतर उडालं होतं. पण नवमीनंतर बंदूक उडालीच नव्हती.

४

जे बंदुकीत उडालं नाही, ते हातात उडालं. इतकं उघड होतं ते. पण धर्माजीने जिवंत टोपीवर सुंबा का ठोकावा? आठ वर्षं काडतुसं भरणारा सावध माणूस तो. अष्टमीलाच त्याने कानात सांगितलं होतं, एक तिरकी गेलीय, वेगळी ठेवलीय.

"सगुणा, मामा बिघडलेलं काडतूस कुठं ठेवायचा?"

"ठाऊक न्हाय, आबा."

पडवीच्या भिंतीत खांद्याच्या उंचीवर एक कोनाडा होता. त्यात तंबाखूची चंची, अडकित्ता, एक विझलेली पणती. अंबाजीने पणती उचलली. मागच्या बाजूला मातीवर एक वाटोळा ठसा होता, तेलकट, शेंदरी, बरोबर रुपयाएवढा. त्याने परडीतलं काळं काडतूस आणून त्यावर उभं केलं. बूड त्या ठशावर चपखल बसलं.

त्याने ठशावर बोट फिरवलं. बोटाला शेंदूर लागला.

शेंदराची खूण त्याचीच होती. त्यानेच शिकवलं होतं: टोपी तिरकी बसली, दबली, तर ठोकायची नाही, बंदुकीत घालायची नाही, तेलात बुडवली म्हणून मेली असंही समजायचं नाही. तेलात शेंदूर कालवून बुडाला लावायचा आणि माझ्याकडे आणायचं. शेंदूर मारुतीचा. त्याला कोण हात लावतंय?

सगुणा त्या ठशाकडे बघत होती.

"हे... हे इथंच उभं व्हतं एक काडतूस," ती हळू म्हणाली. "येकटंच. शेंदूर लागलेला. मला वाटलं, चुकून डाग पडलाय. पूजेला डागाळलेलं कसं ठेवायचं? म्हनून घासलं न् बाकीच्यांत ठेवलं..." ती थांबली. "आबा. मी पुसलं म्हनून?"

अंबाजीने काडतूस उचलून परडीत ठेवलं. बाहेर टांग्याच्या घुंगरांचा आवाज आला. कोंडाजीला न्यायला आले होते.

५

"साहेब, पाच मिनिटं इथं या," अंबाजीने रस्त्यावर जाऊन हात जोडले. गुप्त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पण आले. मागून बेडी घातलेला कोंडाजी, गोदू, बायजा आणि अर्धं गाव. कीर्तनाला जाण्याआधी चौकशीला आलेले बाळाजीबुवाही अंगणात टेकले.

"बुवा पूर्वरंगात जे सांगतात, तेच उत्तररंगात गोष्टीतून दाखवतात," अंबाजी म्हणाला. "मी उलटं करतो. आधी दाखवतो."

त्याने बंदुकीची अखंड माळ दाखवली. काजळी धरलेलं एकच काडतूस दाखवलं. फाटलेला ठोकळा दाखवला. मग पुडीतला तुकडा मागून घेतला आणि त्या काडतुसाच्या बुडाशी धरला. तुकड्याची गोल कड भोकाच्या कडेशी जुळली.

"टोपी आहे ही, साहेब. कोंडाजीच्या ठासणीच्या बंदुकीला असली टोपी लागतच नाही. आणि हा खड्डा बघा. टोचणीचा खड्डा बारीक, खोल असतो. हा पसरट आहे, ठोकून पडलेला. अष्टमीला नवी टोपी बसवताना ती तिरकी गेली. धर्माजीने सरळ करायला ठोकली. दबली, खड्डा पडला, पण दैवाने तेव्हा उडाली नाही. म्हणून त्याने ते काडतूस खूण करून वेगळं ठेवलं. एकादशीला ते बाकीच्या रिकाम्यांत आलं होतं. वरून सारखंच, नीट निरखलं नाही तर खड्डाही तसाच. उडालेलीच टोपी म्हणून त्याने सुंबा लावला. ठोकळा फाटला, आणि वाकलेल्या मानेत तुकडा गेला."

"गोष्ट छान आहे," गुप्ते म्हणाले. "पण सुंबा कुठं आहे? सुंब्याशिवाय टोपी कोण काढतं?"

अंबाजी खाली बसला, नेमका तिथे, जिथे धर्माजी बसला असेल. रिकामा हात ठोकल्यासारखा केला, झटका बसल्यासारखा वर उडवला, आणि त्या हाताच्या रोखाने वर पाहिलं. पडवीचं छप्पर पेंढ्याचं होतं, हाताच्या अंतरावर उतरलेलं. सगळ्यांनी काल जमीन पाहिली होती, कुंपण पाहिलं होतं. वर कुणीच पाहिलं नव्हतं.

बायजाने न विचारताच तिथली काठी घेऊन पेंढा ढोसला. दुसऱ्या ढोसणीला लोखंडी सुंबा खणकन खाली पडला. टोक काळं होतं.

"अगं बाई!" बायजा म्हणाली. "आता तरी लिवा, फौजदारसाहेब."

गुप्त्यांनी सुंबा उचलून वास घेतला. मग कोंडाजीच्या बेडीची किल्ली काढता काढता त्यांनी विचारलं, "एक राहिलं, जमादार. खूण केली होती म्हणता. मग ती गेली कशी? कुणी पुसली?"

सगुणा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"मी," अंबाजी म्हणाला.

"तुम्ही?"

"घासली गेली की निघून जाईल अशी खूण मी शिकवली. दरसाल खंडेनवमीला हत्यारं घासतात, हे मला दिसत नव्हतं का? शिवाय ठोकू नको एवढंच सांगितलं मी धर्माजीला. का ठोकू नको, ते नाही सांगितलं." त्याने डावा हात वर केला. "हे बोट लढाईत गेलं नाही. हत्यारखान्यात गेलं, अशीच तिरकी टोपी ठोकून काढताना. लाज वाटली, म्हणून लढाईचं नाव पुढे केलं. खरं सांगितलं असतं, तर धर्माजीने प्रत्येक टोपी दहादा बघितली असती."

"न्हाय!" सगुणाचा आवाज फाटला. "मी घासली. साहेब, मीच घासली!"

बाळाजीबुवा उठले. सुतकाच्या उंबरठ्यापासून हातभर अलीकडे थांबले. "पोरी, तू देवाच्या पूजेसाठी घासलीस. तुला कुणी सांगितलं होतं का, की त्या लाल ठिपक्याचा अर्थ काय?"

तिने मान हलवली. नाही.

"मग लिहायचं काय, साहेब, ते तुम्ही ठरवा," बुवा म्हणाले.

गुप्त्यांनी लिहिलं: काडतूस भरताना अपघात. बिनपरवान्याच्या बंदुकीचं वेगळं लिहिलं, आणि त्यापायी कोंडाजीला पुढे दंड भरावा लागला. पण त्या दिवशी टांगा रिकामा गेला. कोंडाजी घरी जाण्याआधी पडवीच्या पायरीशी थांबला. खिशातून आपट्याची दोन सुकलेली पानं काढून त्याने पायरीवर ठेवली आणि मुकाट निघून गेला.

६

तेरावं झालं. सगुणाचा नवरा तिला मुंबईला घेऊन जाणार होता, पण भाताची कापणी उरकल्याशिवाय ती हलली नाही. कार्तिकात एका सकाळी ती अंबाजीच्या दारात आली. कमरेवर चिनी मातीची बरणी, झाकणाची, निळ्या कडेची.

"आबा, आमच्या लोनच्याची हाय. रिकामी केली."

"मला कशाला, पोरी?"

"खूण नको आता," ती म्हणाली. "डाग दिसला की बाईमानूस घासनारच. आंघोळ घालनारच. पन लोनच्याच्या बरनीत दुसऱ्याच्या घरी कुनी हात घालत न्हाय. बिघडलेलं काडतूस त्याच दिवशी इथं आनून टाकायचं. घरात ठेवायचंच न्हाय. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची न्हाय."

अंबाजीने बरणी दोन्ही हातांनी घेतली. अष्टमीच्या आरतीत आपण नुसती मान हलवली होती, हे त्याने तिला अजून सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मामा कीर्तनात कुठं बसायचे?" तिने विचारलं.

बरणी अंबाजीच्या कुलपाच्या कपाटात राहिली. पंचक्रोशीतले परवानेवाले तिरकी, दबलेली, संशयाची टोपी बसलेलं काडतूस तिथे आणून टाकत, आणि महिन्याकाठी तो ती अलिबागेच्या बंदुकीच्या दुकानात जाणत्या कारागिराच्या हवाली करी. नवा माणूस आला की अंबाजी आधी डावा हात पुढे करून सगळी हकिगत सांगे, मगच कपाट उघडे.

सगुणाने बरणी आणली, त्या संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. बाळाजीबुवांनी नमनाला हात जोडले, अंबाजीने अर्ध्या बोटाला दोरी गुंडाळली आणि समोर पाहिलं. पहिल्या रांगेतल्या खांबाला टेकून सगुणा बसली होती. तिच्या शेजारी, थोडं अंतर राखून, कोंडाजी.

झांजेचा पहिला ठोका पडला. ताल चुकला नाही.